सिएनाचा पालिओ: शर्यत सव्वा मिनिटाची, राजकारण वर्षभराचं

जगातल्या अजब उत्सवांच्या याद्या आपण सगळ्यांनीच कधी ना कधी चाळलेल्या असतात. स्पेनमधल्या बुन्योल गावात ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना टोमॅटो मारतात. इंग्लंडात ग्लॉस्टरजवळच्या एका उभ्या टेकडीवरून चीजची जाड चकती सोडतात आणि तिच्यामागे माणसं गडगडत खाली येतात. थायलंडमधल्या लोपबुरीत माकडांना फळांची पंगत वाढतात. हे सगळं बघायला मजा येते आणि मुख्य म्हणजे कुणी समजावून सांगावं लागत नाही. टोमॅटो म्हणजे टोमॅटो.

इटलीतल्या सिएना शहराचा पालिओ मात्र नुसता बघून कळत नाही. याद्यांमध्ये त्याची बोळवण एका ओळीत होते: मध्ययुगीन वेशातली घोड्यांची शर्यत. ओळ खोटी नाही. पण तेवढ्यावर विसंबून गेलेला माणूस भर उन्हात चार-पाच तास उभा राहतो, लांबलचक मिरवणूक बघतो, मग घोडे दोरीपाशी नुसतेच गिरक्या घेताना बघतो, आणि अचानक ७५ ते ९० सेकंदांत सगळं संपतं. शेजारचा म्हातारा ढसाढसा रडत असतो. तो जिंकला म्हणून रडतोय की हरला म्हणून, हेही त्याला कळत नाही.

खरं तर शर्यत हा पालिओचा शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. त्याआधीचे चार दिवस म्हणजे नशीब, पैसा, वैर आणि कारस्थान यांचा उघड खेळ असतो. त्याचे नियम समजले तर ती ७५ सेकंदं श्वास रोखून बघाल.

सतरा मोहल्ले

सिएना हे टस्कनीतलं डोंगरावर वसलेलं, तटबंदीचं शहर. लोकसंख्या ५०-५५ हजार. तटाच्या आतल्या जुन्या शहराचे १७ भाग आहेत, त्यांना कोंत्रादा म्हणतात. पुण्याच्या पेठा डोळ्यांसमोर आणल्यात तरी चालेल, फक्त पेठ बदलता येते आणि कोंत्रादा बदलता येत नाही. माणूस तिच्यात जन्मतो. प्रत्येक कोंत्रादाचं स्वतःचं चर्च असतं, संग्रहालय असतं, घोड्याचा तबेला असतो, संध्याकाळी बसायला क्लब असतो आणि एक कारंजं असतं. चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि या कारंज्यावरचा कोंत्रादाचा बाप्तिस्मा वेगळा. दुसऱ्या बाप्तिस्म्यात बाळाच्या गळ्यात कोंत्रादाच्या रंगांचा रेशमी रुमाल पडतो. पुढे हा माणूस नोकरीसाठी मिलानला गेला काय नि न्यूयॉर्कला गेला काय, जुलै-ऑगस्टमध्ये तोच रुमाल घालून परत येतो.

कोंत्रादांची नावं ऐकून लहान मुलांच्या गोष्टीच आठवतात: गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी घोडा, लांडगीण, शिंपला, हंस, लाट, पँथर, अरण्य, कासव, बुरूज आणि मेंढा. गोगलगाय आणि कासव एकमेकांचे हाडवैरी आहेत, हे वाचून हसू येतं. सिएनात कुणी हसत नाही.

यांच्या हद्दी आजही १७२९ सालच्या फर्मानाप्रमाणेच आहेत. बव्हेरियाहून आलेली राजकन्या व्हिओलान्ते बेआत्रिचे तेव्हा शहराची गव्हर्नर होती. कुठली गल्ली कुणाची यावरून होणाऱ्या मारामाऱ्यांना कंटाळून तिने सीमा आखून दिल्या. त्याआधी कोंत्रादा जास्त होत्या. त्यातल्या सहा आता अस्तित्वात नाहीत, पण मिरवणुकीत त्यांचेही घोडेस्वार असतात आणि त्यांच्या शिरस्त्राणाच्या जाळ्या खाली ओढून चेहरे झाकलेले असतात. मेलेल्यांना असा मान देणारी मिरवणूक दुसरीकडे फारशी दिसत नाही.

शर्यत वर्षातून दोनदा होते. २ जुलैची प्रोव्हेन्झानोच्या मेरीमातेच्या नावाने, आणि १६ ऑगस्टची मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. शहराच्या मुख्य चौकातली जुलैची शर्यत १६५६ पासून नियमित होत आली आहे. त्याआधी याच चौकात रेडे आणि गाढवं पळवली जात. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत फ्लॉरेन्सला धूळ चारणारं हे स्वतंत्र प्रजासत्ताक १५५५ मध्ये वेढ्यापुढे शरण गेलं आणि शेवटी त्याच फ्लॉरेन्सच्या ताब्यात आलं. बाहेरच्या शत्रूशी लढायची सोय उरली नाही, तेव्हा सिएनाने आपली सगळी लढाऊ खुमखुमी गल्ल्यागल्ल्यांच्या शर्यतीत ओतली, असा एक अर्थ लावला जातो. मला तो पटतो.

नशीब, म्हणजे चिठ्ठ्या

आता खेळाचे नियम. पालिओत कौशल्याआधी नशीब येतं, तेही एकदा नाही, तीनदा.

पहिली चिठ्ठी कोण धावणार याची. १७ कोंत्रादा असल्या तरी शर्यतीत फक्त १० उतरतात. चौक अरुंद आणि अपघात फार, म्हणून १७२१ मध्ये ही मर्यादा घातली गेली. मागच्या वर्षी त्याच महिन्यातल्या शर्यतीत न धावलेल्या सात कोंत्रादांना यंदा हक्काने जागा मिळते. उरलेल्या तीन जागा बाकीच्या दहांतून चिठ्ठ्या टाकून भरतात. जुलैचा आणि ऑगस्टचा हिशोब वेगवेगळा. म्हणजे एखाद्या वर्षी कोंत्रादा दोन्ही वेळा धावेल, एखाद्या वर्षी एकदाही नाही.

दुसरी चिठ्ठी घोड्याची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आपल्याला वाटतं, प्रत्येक मोहल्ला वर्षभर आपला घोडा खाऊपिऊ घालून तयार करत असेल. तसं काहीच नाही. घोडा कोंत्रादाचा नसतोच. खासगी मालक आपापले घोडे घेऊन येतात, चौकात त्यांच्या चाचणी फेऱ्या होतात आणि दहा कोंत्रादांचे कप्तान मिळून दहा घोडे निवडतात. ही निवडही सरळ नसते. एखादा घोडा बाकीच्यांपेक्षा खूपच सरस असेल तर कप्तान पुष्कळदा त्याला बाद करतात! कारण साधं आहे. हे दहा घोडे नंतर चिठ्ठीने वाटले जाणार, आणि तो वाघ उद्या शत्रूच्या दारात बांधला गेला तर? त्यापेक्षा तो नकोच.

ही घोडावाटणी जुलैच्या शर्यतीसाठी २९ जूनला आणि ऑगस्टच्या शर्यतीसाठी १३ ऑगस्टला होते, भर दुपारी, नगरपालिकेच्या राजवाड्यासमोर. दहा घोडे ओळीने उभे, प्रत्येकाला एक नंबर. मंचावर महापौर आणि चिठ्ठ्यांची दोन भांडी. एका भांड्यातून घोड्याचा नंबर निघतो, दुसऱ्यातून कोंत्रादाचं नाव. नाव पुकारल्या पुकारल्या चौकाच्या एका कोपऱ्यातून आरोळी उठते, तरुण पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, कुणी घोड्याकडे धावत सुटतं. पुढचं नाव पुकारलं जातं आणि दुसऱ्या कोपऱ्यात पन्नास-शंभर माणसं मान खाली घालून उभी राहतात. त्यांचं यंदाचं वर्ष तिथेच संपलेलं असतं, कारण घोडा बदलून मिळत नाही. तो लंगडला, आजारी पडला तर कोंत्रादाने शर्यतीतून बाहेर पडायचं. हक्काची फुकट जागा घेऊन फक्त अर्धा तास चौकात उभं राहायचं असेल तर मी म्हणेन शर्यत सोडा, ही चिठ्ठी बघा.

पुढचे चार दिवस तो घोडा म्हणजे कोंत्रादाचा जावई. त्याचा खास मोतद्दार तबेल्यातच झोपतो आणि परक्या माणसाला आसपास फिरकू देत नाही.

तिसरी चिठ्ठी शर्यत सुरू होताना उघडते. ती सगळ्यात वात्रट आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

पैसा, म्हणजे 'पार्तीती'

घोडा नशिबाने, पण जॉकी मात्र विकत. जॉकी कोंत्रादाचा माणूस नसतो. पुष्कळसे जॉकी सार्डिनिया बेटावरून आलेले, पैसे घेऊन धावणारे व्यावसायिक. प्रत्येकाला टोपणनाव असतं. आंद्रेआ देगोर्तेस या जॉकीला 'आचेतो' म्हणजे व्हिनेगर म्हणत. १९६५ ते १९९२ या काळात तो १४ वेळा जिंकला, तेही वेगवेगळ्या कोंत्रादांकडून. आज हंसासाठी जीव टाकणारा जॉकी उद्या बुरुजासाठी धावतो. जॉकींना सिएनावाले मारेकरी म्हणतात आणि त्याच श्वासात त्यांना डोक्यावरही घेतात.

घोडा बदलता येत नसला तरी जॉकी शेवटच्या सकाळपर्यंत बदलता येतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी जॉकींसाठी चौकातल्या छोट्या देवळीत प्रार्थना होते, शेवटची चाचणी फेरी होते आणि मग नावं नोंदवली जातात. त्यानंतर बदल नाही. म्हणून चार दिवस प्रत्येक जॉकीभोवती कोंत्रादाची दोन-चार दणकट माणसं असतात. पाहुण्याला ती अंगरक्षक वाटतात. खरं तर तो कुणाशी बोलतो यावरही त्यांचं लक्ष असतं.

कारण इथे सौदे चालतात. त्यांना पार्तीती म्हणतात. इतर कुठल्याही खेळात ज्याला लाच म्हणून तुरुंगात टाकतील, ते पालिओत परंपरेचा भाग आहे. कप्तान आणि त्याचे दोन-चार विश्वासू रात्रीबेरात्री भेटतात, जॉकी आपसात बोलतात. तुझ्या घोड्यात दम नाही, तू जिंकणार नाहीस, मग माझ्या शत्रूची वाट अडव. मी जिंकलो तर इतके देईन. पैसे बहुतेक वेळा शर्यत जिंकल्यावरच द्यायचे असतात. त्यामुळे पालिओचा विजेता तो, ज्याच्या खिशाला सगळ्यात मोठी चाट बसते. बक्षिसात रोख रक्कम नाही. मिळतो फक्त एक उभा रंगवलेला रेशमी ध्वज. तो दर वेळी नवा चित्रकार काढतो. २००२ मध्ये कोलंबियाच्या फेर्नांदो बोतेरोने काढला होता. सिएनावाले लाडाने त्याला 'चिंधी' म्हणतात. त्या चिंधीसाठी सभासद वर्षानुवर्षं वर्गणी काढतात आणि जिंकल्यावर जमलेली गंगाजळी रिकामी करतात.

याचा दुसरा भाग आणखी मजेशीर आहे. वाईट घोडा वाट्याला आलेली कोंत्रादा हात जोडून बसत नाही. ती आपली मदत किंवा अडवणूक विकते आणि पुढच्या चांगल्या घोड्यासाठी गाठीला पैसे जमवते. म्हणजे घोड्यांचं नशीब आणि पैशांचं नशीब असे दोन तराजू सतत वरखाली होत असतात. आणि एवढं सगळं होऊनही बाहेरच्यासाठी बेटिंग नाही, बुकी नाही, भाव नाही. ज्यांना हरण्या-जिंकण्याने फरक पडतो, तेच पैसे लावतात.

वैर

आता तो रडणारा म्हातारा. १७ पैकी बहुतेक कोंत्रादांना एक ठरलेला शत्रू आहे. गरुडाचा पँथर, गोगलगायीचं कासव, घुबडाचा एकशिंगी, साळिंदराची लांडगीण, शिंपल्याचा मेंढा, हंसाचा बुरूज. सुरवंट, ड्रॅगन, जिराफ आणि अरण्य या चौघांना सध्या शत्रूच नाहीत. लाटेची गंमत वेगळी आहे. ती बुरुजाला शत्रू मानते, पण बुरूज म्हणतो आमचा शत्रू फक्त हंस. वैर करायलाही बरोबरी लागते म्हणा ना!

सिएनात एखाद्याला दोन प्रश्न विचारून त्याचा मूड ओळखता येतो. आपण जिंकलो का? नसू तर शत्रू जिंकला का? आपण हरलो आणि शत्रूही हरला, तर रात्री जेवण नीट जातं. शत्रू जिंकला, तर घराच्या खिडक्या बंद. आणि दुसरा क्रमांक? उपविजेत्याला टाळ्या नाहीत, ढाल नाही. पालिओत खरा हरलेला तोच, असं सिएनावाले म्हणतात. दहावा निदान घोडा वाईट होता म्हणून सुटतो.

म्हणूनच जिंकण्याची आशा नसलेला जॉकीही शर्यतीत कळीचा असतो. त्याचं काम एकच, शत्रूला पुढे जाऊ न देणं. प्रत्येक जॉकीच्या हातात नेर्बो नावाची चाबूकछडी असते. ती बैलाचं लिंग वाळवून, ताणून केलेली असते (हो, बरोबर वाचलंत). ती आपल्या घोड्यावर चालवता येते, शेजारच्या घोड्यावर चालवता येते आणि शेजारच्या जॉकीच्या तोंडावरही. डोक्यावरचं पोलादी शिरस्त्राण शोभेचं नाही, ते त्याचसाठी आहे. नियमात बंदी आहे ती दुसऱ्याचा लगाम धरायला.

सगळ्यात जास्त वर्षं न जिंकलेल्या कोंत्रादाला 'नोन्ना' म्हणजे आजी म्हणतात. बुरूज १९६१ मध्ये जिंकला, तो थेट २००५ मध्ये. एक अख्खी पिढी विजय न बघता मोठी झाली. लांडगीण १९८९ नंतर २०१६ मध्ये जिंकली, आणि मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा! जिंकण्याची ईर्ष्या कुठल्या थराला जाते याचं टोकाचं उदाहरण १९४५ चं. युद्धाची वर्षं शर्यत बंद होती. शांतता साजरी करायला ऑगस्टमध्ये खास पालिओ झाला, ड्रॅगन जिंकला, आणि सुरवंटाच्या लोकांनी रागाच्या भरात विजयध्वजच फाडून टाकला. शांततेचा ध्वज. नवा करून देण्याचा खर्च त्यांच्याच गळ्यात पडला.

दोरी

शर्यतीच्या दिवशी दुपारी प्रत्येक घोडा आपापल्या कोंत्रादाच्या चर्चमध्ये नेतात. पाद्री त्याला आशीर्वाद देतो आणि शेवटी मोठ्याने म्हणतो, 'जा, आणि जिंकून परत ये!' घोड्याने तेव्हा चर्चमध्येच लीद टाकली तर शुभशकुन. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून लोक तोंड दाबून हसतात आणि बाहेर आल्यावर ओरडतात.

मग सगळं शहर पियात्सा देल काम्पो या चौकाकडे वळतं. चौक शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूला उतरता. कडेच्या फरशीवर पिवळसर माती दाबून गोल धावपट्टी केलेली असते. एक फेरी साधारण ३३० मीटर, अशा तीन. दोन वळणं जीवघेणी. सान मार्तीनोचं वळण उतारावर काटकोनात येतं, तिथल्या भिंतींना गाद्या बांधलेल्या असतात. दुसरं कासातोचं, तिथे एकदम चढ लागतो. जॉकी खोगिराविना, घोड्याच्या उघड्या पाठीवर बसतात.

मिरवणुकीत ढोल, निशाणं हवेत उंच फेकून झेलणारी पोरं, चिलखतं, आणि शेवटी चार पांढऱ्या बैलांनी ओढलेला रथ, त्यावर तो रेशमी ध्वज. वर मांजिआ मनोऱ्यावरची मोठी घंटा सतत वाजत असते. मिरवणूक सुंदर आहे, पण लांबते. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाकडून मिरवणुकीबद्दल भक्तिभावाची अपेक्षा करू नये.

आणि आता ती तिसरी चिठ्ठी. सुरुवातीच्या जागी दोन जाड दोर ताणलेले असतात. घोडे कोणत्या क्रमाने त्यांच्यामध्ये उभे राहणार, हे तोवर कुणालाच माहीत नसतं. बंद लिफाफा येतो, क्रम पुकारला जातो आणि चौकातला सगळा गोंगाट एकाएकी थांबतो. नऊ घोडे दोरांच्या आत. दहावा मात्र बाहेर, मागे. त्याला रिनकोर्सा म्हणतात. आता नीट लक्ष द्या: शर्यत कधी सुरू होणार हे हा दहावा ठरवतो. तो धावत आत घुसला की पुढचा दोर पडतो आणि शर्यत सुटते.

याचा अर्थ काय? दहाव्याचा शत्रू आत उभा असेल तर शत्रूचा घोडा तोंड फिरवून वाकडा उभा राहीपर्यंत तो थांबणार. आतले नऊही स्वस्थ नसतात. एकमेकांना रेटतात, जागा सोडतात, पुन्हा घुसतात, आणि जॉकी ओठ फारसे न हलवता तिथल्या तिथे शेवटचे सौदे पक्के करतात. दहाव्यालाही निरोप जातात: थांब, अजून थांब. दोर सोडणारा अधिकारी मुद्दाम बाहेरगावचा नेमलेला असतो. रांग फारच बिघडली तर तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि पुन्हा पहिल्यापासून. कधी दहा मिनिटं, कधी तासाहून जास्त. पर्यटक या वेळात मोबाइल काढून बसतात. सिएनावाल्यांसाठी हाच पालिओ. अंधार पडला तर शर्यत दुसऱ्या दिवशी.

दोर पडतो. पहिल्याच वळणावर दोन-तीन जॉकी मातीत. पण घोडा धावतच राहतो, आणि नियम सांगतो की जिंकतो तो घोडा, जॉकी नाही. जॉकीविना पहिला आला तरी विजय पूर्ण धरतात. रेमोरेक्स नावाचा घोडा ऑक्टोबर २०१८ च्या खास पालिओत कासवासाठी आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अरण्यासाठी पाठीवर कुणीही नसताना जिंकला. पाठीवरचं ओझं गेलं आणि कुणाला विकलं जाण्याचा प्रश्नही मिटला, असं त्याबद्दल गमतीने म्हणता येईल.

जिंकलेल्या कोंत्रादाची माणसं कठडे ओलांडून ध्वजाकडे झेपावतात आणि तो घेऊन चर्चकडे धावतात. जुलैत प्रोव्हेन्झानोच्या चर्चकडे, ऑगस्टमध्ये कॅथेड्रलकडे. मोठी माणसं तोंडात लहान बाळाची चोखणी धरून रस्त्यातून नाचतात, कारण जिंकलेला माणूस नव्याने जन्मलेला. आणि शरद ऋतूत विजयाचं जेवण होतं तेव्हा मानाच्या जागी घोड्याचं पान मांडतात.

आणि घोड्यांचं काय?

हा प्रश्न टाळून पालिओचं कौतुक करणं बरं नाही. घोडे पडतात, जखमी होतात, मरतात. ऑक्टोबर २०१८ च्या ज्या शर्यतीत रेमोरेक्स जिंकला, त्याच शर्यतीत जिराफाचा राओल हा घोडा इतका जखमी झाला की त्याला मारावं लागलं. इटलीतल्या प्राणिमित्र संघटना अनेक वर्षं बंदीची मागणी करत आहेत. शहराने काही बदल केले: नाजूक पायांच्या शुद्ध रक्ताच्या घोड्यांऐवजी संकरित घोडे, आधी पशुवैद्यकीय तपासण्या, भिंतींना गाद्या, निवृत्त घोड्यांसाठी कुरण. त्याने धोका कमी झाला, संपला नाही. बैलगाडा शर्यतींवरून आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या चौकटीत त्या चालू ठेवल्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं तेच सिएनातही बोललं जातं. हा घोडा त्यांच्या घरचा होतो, त्यावर ते जीव ओवाळून टाकतात, हे खरं. आणि उतारावरच्या काटकोनी वळणात त्याला भरधाव सोडतात, हेही खरं. मी जाऊ नका म्हणणार नाही, पण प्राणी पडलेला बघवत नसेल त्याने शर्यत सोडून बाकीचे तीन दिवस बघावेत. तेवढ्यातही पालिओ भरपूर मिळतो.

जायचं असेल तर

सिएनाला प्रवासी विमानसेवा नाही. फ्लॉरेन्सला उतरायचं आणि तिथून बसने साधारण सव्वा-दीड तास. ट्रेनपेक्षा बस सोयीची, कारण स्टेशन शहराच्या खाली आहे. शेंगेन व्हिसा लागतो. पालिओच्या दिवसांत हॉटेलं काही महिने आधी भरतात आणि भाव कित्येक पट होतात. शेजारच्या गावात राहिलात तर रात्रीची परतीची बस आधी बघून ठेवा.

चौकाच्या मधोमध उभं राहायला पैसे लागत नाहीत. पण मिरवणूक सुरू झाली की वाटा बंद होत जातात आणि एकदा आत गेल्यावर शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणं जवळपास अशक्य. स्वच्छतागृहाची आशा धरू नका, पाणी आणि टोपी न्या, लहान मुलांना आत नेऊ नका. कडेच्या लाकडी पायऱ्यांवरच्या आणि खिडक्यांतल्या जागा शेकडो युरोंना जातात. त्यापेक्षा सकाळच्या चाचणी फेऱ्यांना जा. शर्यतीच्या आधी सकाळ-संध्याकाळ मिळून अशा सहा फेऱ्या होतात. गर्दी कमी असते, घोडे तेच असतात, आणि प्रत्येक कोंत्रादाची मुलं शत्रूला टोमणे मारणारी गाणी म्हणत येतात.

शर्यतीच्या आदल्या रात्री धावणाऱ्या कोंत्रादा आपापल्या रस्त्यात लांबच लांब टेबलं मांडून शेकडो-हजारो लोकांना जेवू घालतात. काही कोंत्रादा पाहुण्यांनाही तिकिटं विकतात. आधी त्यांच्या क्लबशी संपर्क करावा लागतो. जागा मिळाली तर सोडू नका. कप्तान बोलतो, जॉकी दोन शब्द पुटपुटतो, पोरं टेबलांवर चढून गातात, आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस पूर्ण इटालियनमध्ये तुम्हाला समजावतो की उद्या आपण का जिंकणार आहोत. शाकाहारी असाल तर आधी कळवा.

रंगीबेरंगी रुमाल दुकानात छान दिसतात, पण विकत घेऊन गळ्यात बांधताना विचार करा. गोगलगायीचा रुमाल घालून कासवाच्या गल्लीत शिरणाऱ्या पर्यटकाला कुणी मारत नाही, पण त्याच्याकडे बघतात. बांधायचाच असेल तर ज्या कोंत्रादाकडे जेवलात तिचा बांधा.

जुलै की ऑगस्ट? मी जुलै सुचवेन. ऑगस्टच्या मध्यावर सगळी इटली सुट्टीवर असते, गर्दी दुप्पट आणि निम्मी दुकानं बंद. २९ जूनच्या सकाळी पोचा, म्हणजे घोड्यांची चिठ्ठी सापडेल. आणि परतीचं विमान ३ जुलैचं काढू नका. पाऊस आला, माती भिजली की शर्यत पुढे जाते. २०२४ ची जुलैची शर्यत ४ तारखेला झाली.